वर्दीवर जाणे सोपे, वर्दीवरून परतणे अवघड: एका अग्निशमन केंद्राच्या आराखड्याविषयी अभिप्राय

पश्चिम महाराष्ट्रातील एका ‘ब’ वर्ग नगरपरिषदेच्या अग्निशमन विभागात मी २६ वर्षे नोकरी केली आणि त्यांतली शेवटची ३ वर्षे नव्या इमारतीत काढली. ही इमारत आणि तिच्याच आवारातले नागरी सुविधा केंद्र या दोन्हींचे नकाशे एका सल्लागार वास्तुविशारद संस्थेने तयार केले. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण कौतुकाच्या गोष्टींबरोबर काही तक्रारीही आहेत आणि त्यांचे निवारण अजून पूर्ण झालेले नाही. राज्यघटनेच्या ७४व्या दुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे शहरी स्थानिक संस्थांच्या कामांच्या यादीत, अग्निशमन सेवेचा समावेश आहे, परंतु लहान शहरात या सेवेसाठी मुद्दाम आखलेली इमारत उभी राहण्याचा योग पिढीत एखाद्या वेळीच येतो. तो योग ज्या मुख्याधिकाऱ्यांच्या, नगर अभियंत्यांच्या आणि केंद्र अधिकाऱ्यांच्या वाट्याला येणार आहे, त्यांना सल्लागार नेमताना उपयोग व्हावा म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

आमचे जुने केंद्र भाजी मंडईच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये होते. दोन बंब एकामागे एक उभे राहत, त्यामुळे मागचा काढायचा तर आधी पुढचा रस्त्यावर घ्यावा लागे. फोन खालच्या खोलीत, माणसे माडीवर, गमबूट आणि हेल्मेट जिन्याखालच्या कपाटात, आणि बाजाराच्या दिवशी फाटकासमोर हातगाड्या. अशा जागेतून वर्षानुवर्षे वर्दीवर, म्हणजे आगीची खबर येताच धावून, जाणाऱ्या माणसांना नव्या इमारतीकडून काय हवे असते हे सांगता येते, पण कागदावर मांडता येत नाही. सल्लागाराची खरी गरज तिथे असते.

संस्थेने दाखवलेला पहिला नकाशा मला मुळीच पटला नव्हता. दर्शनी भागी घुमट, त्याखाली नगरपरिषदेचे बोधचिन्ह, समोर अधिकाऱ्याची केबिन आणि अभ्यागत कक्ष, बंबांची जागा एका बाजूला आणि जवानांची विश्रांतीची खोली पहिल्या मजल्यावर मागच्या कोपऱ्यात, असा तो होता. नगरपरिषदेच्या कोणत्याही कार्यालयाला तो शोभला असता. मी बैठकीत हरकत घेतली तेव्हा संस्थेच्या प्रमुखांनी वाद घातला नाही. आपल्या दोन सहकाऱ्यांना एक रात्र जुन्या केंद्रावर राहू द्यावे, एवढीच विनंती केली. मुख्याधिकाऱ्यांनी परवानगी दिली आणि दोघेजण, एक तरुण वास्तुविशारद आणि त्यांच्या सहकारी बाई, संध्याकाळी सहाच्या पाळीला हजर झाले.

त्या रात्री अडीचच्या सुमाराला शेजारच्या गावातून कडब्याची गंजी पेटल्याची वर्दी आली. आम्ही परतलो तेव्हा उजाडले होते आणि त्या बाई वही घेऊन शेडच्या दारात उभ्या होत्या. घंटा झाल्यावर कोण कोणत्या खाटेवरून उठला, कोणत्या बाजूने वळला, जिन्यात कोण कोणासाठी थांबला, बूट घालायला कोण कुठे टेकला, हे सगळे त्यांनी पावलांच्या रेघांनी काढले होते. आमच्या चालकाचा गुडघा कपाटासमोरच्या बाकावर आपटला होता, ती जागाही त्यात खुणेने दाखवली होती. तो बाक त्याच ठिकाणी कित्येक वर्षे होता आणि आमच्यापैकी कोणालाही तो हलवावा असे सुचले नव्हते. पुढचा सगळा आराखडा त्या वहीतल्या पानावरून निघाला, असे मी निःशंकपणे म्हणतो.

दुसऱ्या नकाशात केबिन मागे गेली आणि घुमट नाहीसा झाला. बंबांसाठी शेजारी शेजारी तीन स्वतंत्र खण आले, प्रत्येकाला पुढे आणि मागे शटर, म्हणजे परतलेली गाडी मागच्या रस्त्याने आत येते आणि तोंड रस्त्याकडे करूनच उभी राहते. रिव्हर्स घेण्याचा प्रश्नच उरला नाही. विश्रांतीची खोली खाली, खणांना लागून आली. तिच्यातून बाहेर पडणारी दारे बंबांच्या दिशेने उघडतात, आणि दार ते गाडी या वाटेवरच प्रत्येकाची डांगरी (कामाचा अंगभर पोशाख), बूट आणि हेल्मेट यांचा खुला कप्पा आहे. आपल्याकडे खोलीला उंबरा असायचाच, अशी गवंड्याच्या हाताची सवय. संस्थेने मात्र या वाटेवर एकही उंबरा ठेवू दिला नाही आणि एका ठिकाणी बसवलेला काढायला लावला. नियंत्रण कक्ष पुढच्या कोपऱ्यात असल्याने फोनवर बसलेल्या जवानाला एका खिडकीतून रस्ता आणि दुसरीतून तिन्ही गाड्या दिसतात. झोपेतून उठलेल्या माणसाला विचार करावा लागू नये, हे तत्त्व त्यांनी प्रत्येक दारापर्यंत नेले.

बैठकीत एका सदस्यांनी चित्रपटात दिसतो तसा घसरत उतरण्याचा खांब हवा, अशी सूचना केली होती. संस्थेच्या प्रतिनिधींनी त्यावर दिलेले उत्तर मला आजही आठवते. हा खांब १८७८ मध्ये शिकागोच्या एका केंद्रात डेव्हिड केनियन या अग्निशमन अधिकाऱ्याने सुरू केला, तो माणसे वर राहत म्हणून. पुढे त्यावरून पडून होणाऱ्या दुखापतींमुळे अनेक ठिकाणी तो बंद करण्यात आला. माणसे खालीच राहणार असतील तर खांब कशाला, असे त्यांनी नम्रपणे विचारले आणि विषय संपला.

आवाराच्या बाबतीत त्यांचा आग्रह मला विशेष आवडला. इतरांच्या इमारतींना ना हरकत प्रमाणपत्र देताना आपण बंबाच्या वाटेसाठी राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ मधले निकष लावतो, म्हणजे ९ मीटरची वळणत्रिज्या आणि ४५ टनांपर्यंतच्या गाडीचा भार सोसणारा पृष्ठभाग. हेच निकष त्यांनी आमच्या अंगणालाही लावले. आमच्या मोठ्या बंबात ४,५०० लिटर पाणी मावते, म्हणजे नुसत्या पाण्याचेच साडेचार टन. पेव्हर ब्लॉकचे सुबक अंगण अशा गाड्यांखाली दोन पावसाळ्यांत बसले असते. तेथे त्यांनी जाड काँक्रीट घेतले. खर्च वाढतो म्हणून अंदाजपत्रकातून ते वगळण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा संस्थेने लेखी हरकत नोंदवली. शुल्क घेणाऱ्या सल्लागाराने नगरपरिषदेला नको असलेली गोष्ट लेखी कळवावी, हे फार वेळा पाहायला मिळत नाही.

सांगाड्याच्या रचनेविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण ते बाहेरून दिसत नाही. अग्निशमन केंद्राचा तळमजला म्हणजे उंच खांब आणि मोकळे खण, भिंती जवळजवळ नाहीतच. त्यावर भिंतींनी भरलेला मजला चढवला की खालचा मजला वरच्यापेक्षा कमजोर ठरतो. अशा ‘मऊ’ तळमजल्याच्या किती इमारती कोसळतात हे २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात अहमदाबादेतही दिसले. आमच्या भागातल्या लोकांना ११ डिसेंबर १९६७ ची कोयनेची पहाट ठाऊक आहे, आणि ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट तर सगळ्या महाराष्ट्राला. आयएस १८९३ या भूकंपविषयक मानकात अग्निशमन केंद्र महत्त्वाच्या सेवांच्या इमारतींत मोडते आणि त्याच्या संकल्पनात महत्त्व गुणक १.५ धरावा लागतो, म्हणजे साध्या इमारतीच्या दीडपट भूकंपभार. संस्थेच्या संरचना अभियंत्यांनी तो धरलाच, शिवाय वरचा मजला खणांवर न घेता फक्त मागच्या भागावर घेतला आणि खणांच्या दोन्ही टोकांना काँक्रीटच्या भिंती दिल्या. इमारत उभी राहिली पण चौकट वाकून शटर अडकले तर बंब आतच राहतो आणि शहर वाऱ्यावर पडते, हे त्यांनी ज्या तळमळीने समजावून सांगितले, त्यामुळे स्थायी समितीत एकाही सदस्याने त्या भिंतींचा खर्च विचारला नाही.

मागच्या बाजूचा मनोराही उत्तम झाला आहे. भिजलेले होज पाइप दुमडून टांगून वाळवायला उंची लागते. १५ मीटरचा पाइप मधोमध टांगला तरी साडेसात मीटर मोकळी जागा हवी. त्याच मनोऱ्याच्या प्रत्येक टप्प्यावर खिडकी ठेवल्याने शिडीचा आणि दोराचा सरावही तेथेच होतो. १४ एप्रिलला, १९४४ च्या मुंबई गोदी स्फोटात प्राण गमावलेल्या ६६ अग्निशामकांना मानवंदना देतो, ती आता या मनोऱ्यासमोर होते. प्रशिक्षणाच्या काळात भायखळ्याच्या मुख्यालयातील स्मारकासमोर उभा राहिलेला माणूस ते दृश्य सहज विसरत नाही. आमच्या जवानांनाही स्वतःच्या अंगणात तशी जागा मिळाली याचे मला समाधान आहे.

नागरी सुविधा केंद्राचे कामही नीटनेटके आहे. घरपट्टी, पाणीपट्टी आणि जन्ममृत्यूच्या दाखल्यांसाठी येणाऱ्यांचे फाटक बाजूच्या गल्लीत घेतल्यामुळे दुचाकी बंबांच्या वाटेवर लागत नाहीत. एकास बारा उताराचा रॅम्प मुख्य दारालाच आहे, मागे कुठेतरी नाही, आणि एका खिडकीचा कट्टा चाकाच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या उंचीचा आहे. प्रतीक्षेचे बाक मात्र पश्चिमेला असून दुपारी तीननंतर तेथे कोणी बसू शकत नाही.

आता तक्रारी. वर्दी मिळाल्यापासून गाडी रस्त्याला लागेपर्यंतचा प्रत्येक क्षण ज्यांनी मोजला, त्यांनी गाडी परतल्यानंतरच्या तासाचा विचारच केला नाही. नव्या इमारतीत आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात प्लॅस्टिकच्या भंगाराच्या गोदामाला आग लागली आणि सहा जवान पहाटे परतले, ते डोक्यापासून पायापर्यंत काजळीने माखलेले. स्नानगृहाकडे जायची वाट विश्रांतीच्या खोलीतून आणि स्वयंपाकघराच्या दारावरून. दुसऱ्या दिवशी चादरींवर, उशांवर आणि पिठाच्या डब्याच्या झाकणावर मी बोट फिरवले तेव्हा ते काळे झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाचा व्यवसायच कर्करोगकारक गोष्टींच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत, घातला आहे. ज्या डांगरीत विष मुरलेले असते तीच आम्ही खाटेशेजारच्या खुल्या कप्प्यात टांगत होतो. ज्या जवळिकीचे मी वर कौतुक केले, तीच येथे अपायकारक ठरली. मागच्या शटरजवळ उघड्यावर धुण्याची जागा, मळके कपडे उतरवायची खोली, तेथूनच स्नानगृह आणि मग स्वच्छ बाजू, असा क्रम हवा होता. बाहेरून आल्यावर पाय धुऊनच घरात शिरणाऱ्या आपल्या लोकांना हे समजावून सांगावे लागू नये.

धुराचेही तेच. पाळी बदलताना सकाळी प्रत्येक गाडी सुरू करून पंप तपासतात. त्या वेळी विश्रांतीच्या खोलीची दारे उघडी असली की डिझेलचा धूर थेट आत येतो, आणि डिझेलचा धूर तर २०१२ पासूनच त्या पहिल्या गटात आहे. छताला झरोके आहेत, ते पुरत नाहीत. दारे आपोआप मिटणारी हवी होती आणि धूर खेचून नेणारा पंखा हवा होता.

संस्थेची दुसरी उणीव देखरेखीची. करारात महिन्यातून दोन भेटी ठरल्या होत्या, त्या स्लॅब पडेपर्यंत नियमित झाल्या आणि नंतर विरळ होत गेल्या. फरशीचे काम चालू असताना कोणीच आले नाही आणि मधल्या खणाचा उतार नाल्याच्या उलट दिशेला गेला. गाडी धुतली की पाणी चाकांखाली साचते आणि जवान ते खराट्याने ढकलतात. नकाशात उतार बरोबर दाखवला होता, एवढे म्हणून भागत नाही.

तरीही एक गोष्ट त्यांच्या पदरात घालायलाच हवी. आमच्याकडे एकही महिला जवान नसताना त्यांनी महिलांसाठी वेगळी विश्रांतीची खोली आणि स्वच्छतागृह नकाशात धरले आणि जागा वाया जाते या आक्षेपापुढे नमले नाहीत. मी निवृत्त होण्यापूर्वी दोन मुली भरती झाल्या आणि पहिल्या दिवसापासून त्यांना स्वतःची जागा होती.

या संस्थेला काम द्यावे का, असे मला शेजारच्या नगरपरिषदेतून विचारले गेले तेव्हा मी होकार दिला, पण दोन अटी करारात घालायला सांगितल्या. शुल्काचा शेवटचा हप्ता फरशी, नळ आणि नाल्यांची तपासणी संस्थेने स्वतः हजर राहून केल्यावरच द्यावा; आणि इमारत वापरात आल्यावर सहा महिन्यांनी संस्थेच्या माणसांनी पुन्हा एक पाळी केंद्रावर काढावी. ती पाळी शक्यतो मोठ्या आगीनंतरची असावी, असेही मी कळवले.

काजळीची तक्रार लेखी केल्यावर संस्थेने आधी गरजांच्या यादीवर बोट ठेवले. त्या यादीत धुण्याची जागा नव्हती आणि खाली माझी सही होती, हे खरे आहे. परंतु पंधरा दिवसांनी त्याच वहीवाल्या बाई स्वतः आल्या, वर्दीवरून परतणारी गाडी येईपर्यंत थांबल्या आणि पुन्हा पावलांच्या रेघा काढून घेऊन गेल्या. मागच्या शटरलगत बांधायच्या धुण्याच्या जागेचा नकाशा त्यांनी वेगळे शुल्क न घेता पाठवला आहे. नव्या केंद्र अधिकाऱ्यांनी तो अंदाजपत्रकासाठी नगर अभियंत्यांकडे दिला असून, तोवर जवानांनी मनोऱ्याच्या पायथ्याशी पत्रा लावून नळ घेतला आहे आणि डांगऱ्या तेथेच उतरवतात.