घणसोलीतील कुस्तीवर्ग : गादीचे गणित शिकवणारे वस्ताद

घणसोली आणि कोपरखैरणे या भागांत माथाडी कामगारांची वस्ती मोठी आहे, आणि सातारा, सांगली, कोल्हापूरकडून आलेल्या या कुटुंबांत मुलाने एकदा तरी लंगोट लावावा अशी इच्छा अजून टिकून आहे. घणसोलीत एका भाड्याच्या शेडमध्ये रोज संध्याकाळी भरणाऱ्या कुस्तीवर्गात माझा मुलगा आणि भाची शिकतात. तिथल्या शिकवण्याविषयी इतर पालकांना नेमकी माहिती मिळावी, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

वर्ग चालवणारे वस्ताद कराड तालुक्यातले असून त्यांची सुरुवात गावच्या तालमीतल्या लाल मातीत झाली. पुढे वडिलांच्या कामामुळे कुटुंब नवी मुंबईत आले आणि त्यांनी इथूनच महाविद्यालयीन व जिल्हा पातळीवरच्या स्पर्धा खेळल्या. जत्रेच्या फडांवर त्यांनी बऱ्याच कुस्त्या मारल्या, पण राज्य पातळीवरचे पदक काही हाती लागले नाही. गुडघ्याचा अस्थिबंध तुटल्यावर खेळणे थांबले, तेव्हा त्यांनी पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतला सहा आठवड्यांचा प्रशिक्षण अभ्यासक्रम पूर्ण केला. आजही ते पहाटेपासून दुपारपर्यंत बाजार समितीत काम करतात आणि संध्याकाळी तालमीत उभे राहतात.

हरिश्चंद्र बिराजदार किंवा काका पवार यांच्यासारखे नामांकित मल्ल प्रशिक्षक होतात, तेव्हा त्यांच्या नावावरच मुले गोळा होतात. बिराजदारांनी १९७० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकले होते, काका पवारांना अर्जुन पुरस्कार मिळाला होता, आणि या दोघांच्याही हाताखाली शिकलेल्या राहुल आवारेने २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. आमच्या वस्तादांकडे असे नाव नाही. तरीही त्यांच्या शिकवण्यात मला मोठे मोल दिसते, कारण आपण कुठे आणि का कमी पडलो याचा त्यांनी मनापासून अभ्यास केला आहे आणि सगळा वर्ग त्या अभ्यासावर उभा केला आहे.

मातीवर तयार झालेला मल्ल गादीवर, म्हणजे स्पर्धेच्या मॅटवर, का अडखळतो, हे ते फार चांगले समजावतात. जत्रेतली निकाली कुस्ती चितपट होईपर्यंत चालते, त्यामुळे तिथे प्रतिस्पर्ध्याला खाली पाडून मागून ताबा, म्हणजे कब्जा, घेऊन त्याला दमवत बसता येते. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात, आणि कब्जा घेऊन पुढे काही घडले नाही तर पंच दोघांनाही उभे करतात. वस्ताद स्वतः ढाक, म्हणजे मान धरून कमरेवरून फेकण्याचा डाव, मारण्यात तरबेज होते, पण गादीवर तोच डाव फसला की आपणच खाली जातो आणि गुण समोरच्याला मिळतात, हे त्यांना ऐन स्पर्धेच्या वयात कोणी सांगितले नव्हते. म्हणून ते मुलांना पहिल्या महिन्यापासून हिशेब शिकवतात : पट काढून, म्हणजे पाय धरून पाडून, कब्जा मिळवला की दोन गुण, तिथेच भारंदाज मारून, म्हणजे कमरेला मिठी घालून, गादीवर फिरवले की आणखी दोन, आणि एका पटामागून लागोपाठ चार भारंदाज बसले तर दहा गुणांची आघाडी होऊन फ्रीस्टाइलची कुस्ती तिथेच संपते. खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गादीची सवय नसताना उतरले आणि सहावे आले, मग चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्य जिंकले, हा दाखला वर्गात वारंवार दिला जातो. गोळेश्वर हे खाशाबांचे गाव कराडजवळच असल्याने तो सांगताना वस्तादांचा आवाज जरा चढतो.

एकेरी पटाचा सराव मी जवळून पाहिला आहे. मुलगा पाय धरायला खाली जातो तेव्हा वस्ताद त्याच्या डोक्यावर तळहात ठेवून उभे राहतात. डोके वर आणि प्रतिस्पर्ध्याच्या बरगडीला चिकटलेले असेल तर हात उचलतात, मान खाली झुकली असेल तर हलकेच दाबून त्याला तिथेच थांबवतात. "पट लागला नाही तरी चालेल, मान खाली गेलेली चालणार नाही," असे ते दर वेळी तेवढ्याच शांतपणे सांगतात, आणि तो मुलगा पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहतो. माझ्या मुलाचे कित्येक आठवडे एवढ्यावरच गेले. गावच्या यात्रेत त्याला उतरवण्याची घरच्यांना घाई झाली होती, पण वस्तादांनी मला स्पष्ट सांगितले, "ताई, त्याची मान अजून तयार नाही, एवढ्यात फडावर नेऊ नका." फी भरणाऱ्या पालकाला असे तोंडावर सांगणारे प्रशिक्षक मी फार पाहिलेले नाहीत.

वजनाच्या बाबतीतही ते ठाम आहेत. तरुणपणी खालच्या गटात बसण्यासाठी पाणी पिणे तोडून उतरायचे आणि दुसऱ्या फेरीत अंगात त्राण उरायचे नाही, असे ते स्वतः सांगतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अवघ्या शंभर ग्रॅमसाठी विनेश फोगाट अंतिम लढतीआधी अपात्र ठरली, तेव्हा पालकांची बैठक घेऊन त्यांनी सांगितले की पंधरा वर्षांखालच्या एकाही मुलाचे वजन या वर्गात उतरवले जाणार नाही, ज्याचे जे वजन भरेल त्याच गटात तो खेळेल. खुराकाबद्दलही त्यांचा आग्रह साधाच आहे : दूध, अंडी, कडधान्ये, भाकरी आणि पुरेशी झोप. पावडरीचे डबे आणायला ते मनाई करतात.

सराव सुरू होण्याआधी आणि संपल्यावर गादी जंतुनाशकाने पुसली जाते, आणि अंगावर गजकर्ण दिसले तर बरे होईपर्यंत मुलाला जोडीत घेत नाहीत. कान सुजला तर घरी शेकत न बसता डॉक्टरांकडे पाठवतात, कारण कानात साकळलेले रक्त वेळेवर काढले नाही तर कान कायमचा कडक होतो.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. मुलींसाठी कपडे बदलायची जागा म्हणजे पडदा लावलेला एक कोपरा आहे. मुलींची संख्या वाढत असताना हे पुरेसे नाही, आणि त्यांच्यासाठी एखादी महिला सहायक असणेही फार गरजेचे आहे. माझ्या भाचीला तिच्या वजनाची जोड बहुतेक दिवशी मिळत नाही, त्यामुळे ती लहान मुलांबरोबर खेळते आणि तिचा सराव अपुरा राहतो. शेडला पत्रे असल्याने एप्रिल-मे महिन्यांत उकाडा असह्य होतो, तर पावसाळ्यात दमटपणामुळे गादी लवकर सुकत नाही. गादीही पूर्ण मापाची नसल्याने वर्तुळाच्या कडेवर लढण्याचा सराव नीट होत नाही. बाहेर पाय पडला की गुण जातो, त्यामुळे स्पर्धेत ही उणीव जाणवते. मोठ्या गटातल्या, राज्य स्पर्धेची तयारी करणाऱ्या मुलांना इथे तोलामोलाचे जोडीदार कमी पडतात, आणि अशा मुलांना वस्ताद स्वतःच पुण्या-कोल्हापूरच्या तालमींत जायला सांगतात.

आठ ते पंधरा या वयाच्या मुलांसाठी मात्र हा वर्ग मी निःशंकपणे सुचवेन. महिन्याची फी शाळेच्या एका विषयाच्या शिकवणीपेक्षा कमी आहे आणि ज्या घरांना तीही जड जाते त्यांच्याकडून ती मागितली जात नाही. प्रवेश घेण्याआधी एका संध्याकाळी आत बसून पूर्ण सराव पाहावा. वस्तादांची त्याला हरकत नसते, फक्त पालकांनी कडेला बसून आपल्या मुलाला सूचना करू नयेत, एवढेच त्यांचे म्हणणे असते.