काजवे बघायला निघालात? तंबूचे पैसे भरण्याआधी हे वाचा

मे संपत आला की मोबाइलवर भंडारदऱ्याच्या तंबूंच्या जाहिराती धडाधड यायला लागतात. मेअखेरीपासून मोठा पाऊस लागेपर्यंत कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातल्या हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे लुकलुकतात. हे जेमतेम दोन-तीन आठवडे. त्यातल्या शनिवार-रविवारी शेंडीपासून रतनवाडीपर्यंत कुठे खोली मिळायची नाही, एमटीडीसीचं रिसॉर्ट तर आधीच भरलेलं. फसवणारे याच दिवसांची वाट बघत असतात. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतली चार कुटुंबं यात सापडली. सोबत सात मुलं होती, सर्वांत धाकटं अडीच वर्षांचं. पैसे गेले ते गेलेच, पण अंधारात, रेंज नसलेल्या रस्त्यावर मुलांना घेऊन उभं राहावं लागलं. ती वेळ दुसऱ्या कुणावर येऊ नये म्हणून सगळं सविस्तर सांगते.

एका मैत्रिणीला इन्स्टाग्रामवर एक रील दिसलं. पाण्याच्या कडेला पांढऱ्या तंबूंची रांग, पिवळे दिवे, मागे रतनगड. फॉलोअर्स हजारोंनी. खाली व्हॉट्सॲपचा नंबर. त्यावर मेसेज केला तर दोन मिनिटांत उत्तर, तेही शुद्ध मराठीत आणि अगदी आपुलकीने. ‘ताई, मुलं किती वर्षांची आहेत? पाच वर्षांखालच्यांचे पैसे घेत नाही. दूध गरम करून देऊ. तिखट नसलेली भाजी वेगळी करू. लेडीज वॉशरूम तंबूंना लागूनच आहे.’ लहान मुलं घेऊन निघालेल्या आईला जे जे विचारायचं असतं, ते विचारण्याआधीच तो सांगत होता. आज ते संभाषण पुन्हा वाचलं की लक्षात येतं, हा माणूस आमच्यासारख्या असंख्य आयांशी बोललेला आहे.

आम्ही चौकशी केली नाही असं नाही. कागदपत्रं मागितली, तर त्याने आधार कार्डाचा फोटो आणि जीएसटीचं प्रमाणपत्र पाठवलं. व्हिडिओ मागितला, तोही आला. गावातला पत्ता विचारला, तोही बरोबर निघाला. प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार होतं. म्हणून ‘नीट चौकशी करा’ एवढाच सल्ला पुरत नाही. कोणती चौकशी त्याला पेलत नाही, ते कळायला हवं.

मोठ्यांचे माणशी चौदाशे आणि पाच मुलांचे सातशेप्रमाणे, असे एकूण १४,७०० रुपये ठरले. आधी निम्मे घेतले. मग गुरुवारी निरोप आला की शनिवारी गर्दी प्रचंड आहे, पूर्ण पैसे भरणाऱ्यांनाच पाण्याकडेची जागा देतोय. उरलेले गेले. शुक्रवारी ‘वनविभागाचा प्रवेश आणि गाड्यांचा पास’ म्हणून २,४०० रुपये मागितले आणि शिक्क्याची पीडीएफ पाठवली. शनिवारी सकाळी आम्ही गाड्यांत बसत होतो तेव्हा परत मिळणाऱ्या डिपॉझिटचे ५,००० मागितले. मुलं बूट घालून जिन्यात उड्या मारत होती. त्या क्षणी चार घरांतलं कोण ‘नको, जायचं रद्द’ म्हणणार? हे हप्ते असे मागण्यामागे हिशेब असतो. रक्कम प्रत्येक वेळी मागच्या रकमेच्या मानाने लहान वाटते आणि नाही म्हणायची किंमत दर वेळी वाढत जाते. त्यात पैसे सोसायटीतला एकच जण गोळा करून भरत होता. प्रत्येक घराला वाटत होतं की बाकीच्या तिघांनी बघितलंय.

पैसे दोन वेगवेगळ्या खात्यांत गेले. यूपीआयवर दिसलेली नावं कॅम्पच्या नावाशी जुळत नव्हती, एकमेकांशीही नाही. त्याचंही उत्तर होतं: ‘पहिलं खातं आमच्या अकाउंटंटचं, आज त्याची लिमिट संपली.’ पैसे पाठवताना पडद्यावर बँकेतलं जे नाव येतं, तेवढंच खरं. बाकी सगळं तो टाइप करू शकतो.

कसारा घाट, घोटी, बारी करत दुपार टळताना शेंडीला पोहोचलो. नेमकं ठिकाण तिथे आल्यावर कळवू, असं त्याने सांगितलं होतं, ‘नाहीतर लोक लोकेशन फॉरवर्ड करतात.’ नाक्यावर वनरक्षकाने ती पीडीएफ बघितली आणि ही आमची पावती नाही म्हणाला. पुन्हा पैसे भरून पावती घेतली. तिथून फोन लावला, तर तो शांतपणे म्हणाला, नवीन माणूस बसलाय, त्याला माहीत नाही, तुमचे पैसे इथे वळते करतो, तुम्ही पुढे या. मग रतनवाडीच्या रस्त्यावरचं लोकेशन आलं. जसजसे पुढे गेलो तसतशी रेंज गेली. लोकेशनच्या जागी नांगरून ठेवलेलं शेत होतं. मागे परत आल्यावर क्षणभर रेंज मिळाली तेव्हा त्याचा आवाज आला, ‘दहा मिनिटं थांबा, माणूस पाठवतो, इकडे नेटवर्क नाही ना.’ त्यानंतर फोन बंद.

रतनवाडी, साम्रद या बाजूला मोबाइलला रेंज नसते हे खरंच आहे. तो या खऱ्या गोष्टीवरच खेळला. फोन लागत नाही म्हणजे नेटवर्क नसेल, असं वाटून आम्ही अंधार पडेपर्यंत थांबलो. पोलिसांना किंवा बँकेला कळवायचं म्हटलं तरी आमच्याकडेही रेंज नव्हती. धाकट्याचं दूध संपलेलं, मोठी मुलं भुकेने रडकुंडीला आलेली, आणि ‘तंबू कधी येणार’ या प्रश्नाला आमच्यापैकी कुणाकडे उत्तर नाही.

जवळच्या वस्तीतल्या एका मावशींनी गाड्या बघून विचारपूस केली आणि मुलांना पडवीत बसवलं. चूल पेटवून आधी दूध तापवून दिलं, मग भात आणि आमटी. त्यांचा पुतण्या तलावाकाठी तंबू लावतो. त्याला आम्ही रील दाखवलं तर तो गप्पच झाला. मग म्हणाला, ‘ताई, हे माझेच तंबू आहेत. हा व्हिडिओ मी गेल्या वर्षी काढलेला.’ आमच्या आधीही लोक असेच आले होते. काहींनी तर त्यालाच चोर ठरवून शिवीगाळ केली होती. त्याच्या स्वतःच्या पानाला मोजके फॉलोअर्स, जाहिरातीला पैसे नाहीत, बोलणं साधं. चोराचं पान त्याच्यापेक्षा देखणं. मला या सगळ्यात सर्वांत जास्त राग आला तो इथे. वर्षातून दोन-तीन आठवडे ज्या कुटुंबांच्या हातात चार पैसे येतात, त्यांचे फोटो, त्यांची जागा, त्यांची अब्रू वापरून कुणीतरी घरबसल्या लुटतो आणि शिव्या यांना बसतात. त्याने त्याच्याकडचे दोन मोकळे तंबू दिले, बाकीचे पडवीत झोपलो. भाडं त्याने नेहमीचंच घेतलं.

नंतर केलेली तपासणी आधीच करता आली असती तर बरं, म्हणून सांगते. इन्स्टाग्रामच्या पानावर वरच्या तीन टिंबांत ‘अबाउट धिस अकाउंट’ असतं. तिथे खातं कधी सुरू झालं आणि पूर्वी किती वेळा नाव बदललं ते दिसतं. या पानाने वारंवार नावं बदलली होती, जुन्या पोस्टवर बायकांच्या कुर्त्यांच्या चौकशीच्या कॉमेंट राहिलेल्या होत्या. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो, सुरुवातीचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. सरकारी जीएसटी पोर्टलवर तो टाकला की व्यवसायाचं नाव फुकट दिसतं. आम्हाला पाठवलेला क्रमांक भलत्याच राज्यातल्या, भलत्याच धंद्याचा होता. आधार कार्ड तर आधी फसलेल्या कुणाचंही असू शकतं, म्हणून त्यावर विसंबू नका आणि स्वतःचं असं कुणाला पाठवूही नका. त्याला न पेलणारी गोष्ट एकच: जागेवरून थेट व्हिडिओ कॉल, तोही आपण सांगू ते दाखवायचं. ‘कॅमेरा फिरवा, धरणाची भिंत कुठे आहे ते दाखवा, स्वयंपाक कुठे होतो तिथे चला.’ रेंज नाही म्हणाला, तर शेंडीत रेंज आहे, तिथे गावातल्या माणसाशी बोलणं करून दे म्हणा. खरे तंबूवाले थोडी आगाऊ रक्कम घेतात, बाकी जागेवर घेतात.

त्या रात्री एकाने गाडी काढून शेंडी गाठली आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन केला. बँक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर क्रमांक विचारतात. तो यूपीआय ॲपच्या हिस्टरीत असतो, हाताशी ठेवा. नंतर सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार पूर्ण करावी लागते. आधीचे पैसे तोवर पुढच्या खात्यांत गेले होते. सकाळचे ५,००० मात्र खात्यातच होते, ते गोठवले गेले. ते परत मिळायची प्रक्रिया चालू आहे. म्हणून संशय आला की रात्र, रविवार, काही बघू नका, रेंज मिळेल तिथे जाऊन आधी हा फोन करा.

दुसरा घाव सोमवारी आला. मैत्रिणीने त्या पानाखाली चिडून कॉमेंट केली होती. ‘पर्यटन तक्रार कक्षा’तून फोन आला, रिफंड मंजूर झाला आहे, फॉर्म भरा म्हणून फाइल आली. नावात पीडीएफ, पण शेवटी एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल. असं ॲप फोनमध्ये गेलं की बँकेचे ओटीपी वाचू शकतं. तिने उघडलं नाही. मग त्याने क्यूआर कोड पाठवला, स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील. पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच नाही. फसलेल्यांची यादी हे लोक जपून ठेवतात आणि परत फोन करतात, हे घरातल्या ज्येष्ठांनाही सांगून ठेवा.

ते पान आता पुन्हा नाव बदलून चालू आहे. भंडारदऱ्याचे तंबू काढून पवना धरणाकाठचे टाकलेत, पण पांढऱ्या तंबूंमागे रतनगड असलेलं एक रील अजून खाली राहिलंय. आम्ही चारही घरांनी रिपोर्ट केलं आहे. तुमच्या समोर आलं तर तुम्हीही करा, आणि ज्या मित्रमंडळींच्या ग्रुपवर या शनिवारचं काही ठरत असेल तिथे हे पाठवा.