बेलोजवर ८० मिमीची एन्लार्जर लेन्स: फराळाच्या मॅक्रोसाठी काही महिने वापरल्यावर

खाद्यपदार्थांच्या मॅक्रोसाठी (म्हणजे अगदी जवळून मोठे टिपलेले फोटो) एन्लार्जर लेन्स, म्हणजे डार्करूममध्ये निगेटिव्ह मोठी करून कागदावर उतरवणारी लेन्स, घ्यायची असेल तर ५० मिमी नको, ८० मिमी घ्या. ३५ मिमी फिल्मच्या डार्करूममध्ये ५० मिमी लागायची, त्यामुळे जुन्या बाजारात तीच सहज मिळते आणि बहुतेक जण तीच घेतात. माझ्याकडे एल-निक्कोरच्या (निकॉनच्या एन्लार्जर लेन्स) दोन्ही आहेत: ५० मिमी एफ/२.८ आणि ८० मिमी एफ/५.६. दिवाळीच्या फराळाच्या कामापासून निकॉनच्या पीबी-४ बेलोजवर (कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारा, ताणता येणारा घड्यांचा भाता) दोन्ही आलटूनपालटून लावतेय. आता ५० मिमी फक्त खसखस नाहीतर केशराच्या काड्या टिपायच्या असल्या तरच बाहेर निघते.

बेलोज पूर्ण मिटवला तरी त्याची स्वतःची जाडी उरतेच. त्यामुळे ५० मिमीला साधारण एकास एकच्या (सेन्सरवरची प्रतिमा पदार्थाएवढीच मोठी) फारसं खाली येता येत नाही. म्हणजे फुलफ्रेम कॅमेऱ्यात जेमतेम ३६ मिमी रुंदीचा तुकडा दिसणार. ८० मिमीवर अख्खी करंजीही चौकटीत बसते आणि बेलोज ताणत नेला की तिच्या मुरडीवरचे फोडही दिसतात. दुसरा मुद्दा अंतराचा. एकास एकला ८० मिमी लेन्सपासून पदार्थ सुमारे १६ सेंमीवर राहतो, ५० मिमीला १० सेंमीवर. एवढ्या जवळ लेन्स आली की तिचीच सावली पदार्थावर पडते आणि बाजूने प्रकाश आत घालायला वाट राहत नाही. खाण्याच्या फोटोत सगळी गंमत तिरक्या प्रकाशाची असते, म्हणून मला हे ६ सेंमी लेन्सच्या धारदारपणापेक्षा महत्त्वाचे वाटतात.

धारदारपणात तसंही काही कमी नाही. सपाट निगेटिव्ह सपाट कागदावर कोपऱ्यापर्यंत नीट उतरवणं हेच या लेन्सचं मूळ काम. बाकरवडी धारदार सुरीने आडवी कापा, कापलेला भाग सेन्सरला समांतर धरा आणि एफ/८ वर (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा; आकडा मोठा तेवढं छिद्र लहान) फोटो घ्या. मधल्या वेटोळ्यापासून बाहेरच्या खरपूस कडेपर्यंत तीळ वेगळा, खोबऱ्याचा कीस वेगळा, आणि मसाला जिथे पिठाला चिकटलाय तिथली ओलसर चमक वेगळी दिसते. चिरोट्याचे पदरही असेच एकेक सुटे दिसतात.

एक आकडा मात्र डोक्यात ठेवायला हवा. एकास एकला रिंगवरचा एफ/८ प्रत्यक्षात एफ/१६ सारखा वागतो, दुपटीला एफ/२४ सारखा. फोकसची खोली वाढेल म्हणून एफ/१६ लावलात तर सगळंच मऊ पडतं. एकास एकला एफ/८ वर जेमतेम १ मिमी खोली मिळते. अनारशावरची खसखस काही एका पातळीत नसते, तेव्हा थोडं थोडं सरकवत बरेच फोटो काढून ते संगणकावर जोडावे लागतात. त्यासाठी बेलोजची खालची पट्टी वापरा, जिच्यावर अख्खा संच पुढेमागे सरकतो; मागची, कॅमेरा बसतो ती चौकट नको. अर्ध्या पटीला मागची चौकट १ मिमी हलली की फोकस ४ मिमी पुढेमागे जातो, आणि तो हाताने सांभाळणं फार कठीण.

पीबी-४ ची मला सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे पुढची, लेन्स बसते ती चौकट वळते. ८० मिमी ही ६x६ सेंमी निगेटिव्हची लेन्स, तिचं प्रतिमावर्तुळ (लेन्स जेवढ्या गोलात प्रतिमा पाडते तो गोल) मोठं, त्यामुळे लेन्स थोडी वळवली तरी कोपरे काळे होत नाहीत. शंकरपाळ्यांची ओळ तिरकी मांडून लेन्स तिच्या दिशेने वळवली की पहिलीपासून शेवटचीपर्यंत सगळ्या फोकसमध्ये येतात, फोटो जोडायची गरजच पडत नाही. फक्त ही चौकट डावीउजवीकडे वळते, वरखाली नाही. वरून तिरकं ताट घ्यायचं तर अख्खा संच कुशीवर बसवावा लागतो. वजनाने तो खाली झुकतो, म्हणून ट्रायपॉडचं डोकं दणकट हवं.

वाफाळता पदार्थ या संचाचा नाही. उकडीच्या मोदकाची वाफ थेट काचेवर येते. मोदक निवेपर्यंत थांबा, पण फार नाही, कारण पारी सुकली की कळ्यांच्या टोकांना चिरा जातात. फोटोआधी बोटाने तुपाचा हात फिरवला की पांढऱ्यावर पांढरे असलेले कळ्यांचे कंगोरे उठून येतात. खिडकीच्या प्रकाशात एक्स्पोजर लांबतं आणि शेजारच्या खोलीत मिक्सर लागला तरी फोटो हलतो, म्हणून मी बटर पेपरमागून फ्लॅश मारते. स्वस्त एलईडी आणि इलेक्ट्रॉनिक शटर एकत्र वापरलं तर पट्टे येतात, ते टाळा.

एकास एकच्या पुढे जाताना लेन्स उलटी लावा, रिव्हर्स रिंग लागेल. नवीन एल-निक्कोरमध्ये छिद्राचे आकडे उजळवायला छोटी खिडकी असते. तिच्यातून प्रकाश आत झिरपतो, म्हणून काळी पट्टी चिकटवा.

मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात किंवा बंद पडलेल्या स्टुडिओवाल्यांकडे विचारा. लेन्सचे आटे ३९ मिमीचे आहेत ना ते बघा, कारण बेलोजवर बसवायची रिंग त्यावर ठरते. काचेतून टॉर्च मारा, बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे लगेच दिसतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात घरी आणलेली चांगली लेन्ससुद्धा सिलिका जेलच्या डब्यातच ठेवायला हवी. बेलोज अंधाऱ्या खोलीत पूर्ण ताणून आतून टॉर्च लावा आणि घड्यांचे कोपरे आधी तपासा. ते तिथेच पहिल्यांदा फाटतात, आणि सुईएवढ्या भोकानेही फोटोतला काळा रंग राखाडी होतो.