बारा अंडी, त्यातलं एक रिकामं: ईस्टरच्या टोपलीसाठीच्या संचाची पारख

ईस्टरच्या टोपलीत घालायला म्हणून जे काही विकलं जातं, त्यात ससे, पिवळी पिल्लं आणि चॉकलेट यांचीच गर्दी असते. सणाशी, म्हणजे येशूच्या कबरीतून पुन्हा उठण्याशी, थेट नातं सांगणारी वस्तू एकच, ती म्हणजे 'पुनरुत्थानाची अंडी' नावाने मिळणारा बारा अंड्यांचा संच. तो घ्यावा का, कोणत्या वयाच्या मुलांसाठी घ्यावा आणि त्याच्याभोवती टोपली कशी भरावी, याची ही पारख. आधीच सांगून टाकतो: संच घेण्यासारखा आहे, पण खोक्यावर लिहिलेल्या पद्धतीने वापरला तर निम्मा वाया जातो.

खोक्यात अंड्यांच्या ट्रेसारख्या खाचा असतात आणि त्यात दोन कवचांची बारा रंगीत प्लॅस्टिकची अंडी. आतल्या वस्तू बनवणाऱ्यागणिक थोड्या बदलतात, पण साधारण क्रम असा: गाढव, चांदीची नाणी, प्याला, प्रार्थनेचे हात, चामड्याची वादी, काट्यांचा मुगुट, खिळे, फासा, भाला, तागाचं कापड, दगड, आणि बाराव्यात काहीच नाही. सोबत वचनांची छोटी पुस्तिका. गाढव म्हणजे येशूचा यरुशलेममधला प्रवेश, नाणी म्हणजे येशूला पकडून देणाऱ्या यहूदाला मिळालेली चांदीची तीस नाणी (संचात दोन-तीनच असतात, हे मुलं लगेच पकडतात), वादी म्हणजे फटके, दगड म्हणजे कबरीच्या तोंडावरची धोंड. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचे (येशूच्या चरित्राचे) २६, २७ आणि २८ हे तीन अध्याय हाताशी ठेवले की बहुतेक अंड्यांचं काम भागतं. गाढवासाठी २१वा अध्याय उघडावा लागतो आणि भाल्यासाठी योहानाचा १९वा, कारण कुशीत भाला भोसकल्याची हकिकत योहानच सांगतो.

दोन वस्तू जरा डगमगत्या आहेत. शुभवर्तमानात शिपाई वस्त्रांसाठी चिठ्ठ्या टाकतात, फासे नाही. फासा ही सोय आहे, कारण चिठ्ठी अंड्यात घातली तर मूल ती खाऊची यादी समजेल! प्याल्याचे तर दोन अर्थ होतात: येशूने शिष्यांसोबत केलेल्या शेवटच्या भोजनातला, किंवा गेथशेमाने बागेत 'हा प्याला माझ्यापासून टळो' या प्रार्थनेतला. त्याच्या पुढचं अंडं प्रार्थनेच्या हातांचं असल्यामुळे पहिला अर्थ घेतलेला बरा, नाहीतर सलग दोन अंडी एकाच प्रसंगावर खर्ची पडतात.

आता वापराची पद्धत. अशा संचांसोबत नेहमी सांगितली जाणारी युक्ती म्हणजे रोज एक अंडं, बारा दिवस. हिशोब करून पाहा. बारावं अंडं ईस्टरच्या रविवारी यायचं तर पहिलं त्याआधीच्या झावळ्यांच्या रविवारच्याही (येशूच्या यरुशलेम प्रवेशाच्या दिवसाच्याही) चार दिवस आधी, बुधवारी उघडावं लागतं. म्हणजे गाढव झावळ्यांच्या रविवारी येतच नाही आणि काट्यांचा मुगुट पवित्र आठवड्याच्या सोमवारी येतो. मूल चर्चमध्ये एक ऐकतं आणि घरी दुसरंच बघतं. त्यापेक्षा अंडी आठवड्याला जुळवावीत. झावळ्यांच्या रविवारी गाढव. बुधवारी नाणी, कारण परंपरेने तो विश्वासघाताचा दिवस. गुरुवारी संध्याकाळी प्याला आणि हात. शुक्रवारी वादी, मुगुट, खिळे, फासा, भाला आणि कापड ही सहा, शक्यतो एका बैठकीत. शनिवारी दगड. धोंड लोटली गेली शुक्रवारीच, पण तिच्यावर शिक्का मारून पहारा बसवला तो दुसऱ्या दिवशी, म्हणून शनिवार चुकत नाही. रविवारी सकाळी रिकामं अंडं. एक, एक, दोन, सहा, एक, एक: बेरीज बरोबर बारा. सोमवार-मंगळवार मोकळे राहतात, ते टोपलीच्या तयारीला उपयोगी पडतात.

शुक्रवारची सहा अंडी पाच वर्षांखालच्या मुलांना जड जातात. त्यांच्यासाठी मुगुट आणि कापड एवढीच उघडावीत, बाकीची पुढच्या वर्षासाठी ठेवावीत. घाई कशाची आहे?

रिकाम्या अंड्याबद्दल थोडं सविस्तर, कारण संचाचा सगळा जीव त्यात आहे आणि सर्वाधिक चुकाही तिथेच होतात. पहिली चूक, मुलाचा विरस होऊ नये म्हणून त्यात चॉकलेट घालणं. कबर उघडी आणि आत कोणी नाही, ही बातमी आहे. तिथे टॉफी निघाली तर बातमीच गेली. दुसरी, अंडं उघडल्यावर मोठ्यांनी लगेच खुलासा करणं. मूल आधी 'यातलं हरवलं वाटतं' म्हणतं, ट्रेमध्ये शोधतं. ते शोधणं होऊ द्यावं. कबरीपाशी गेलेल्या स्त्रियांनीही आधी शोधच घेतला. तिसरी अडचण संचाच्या रचनेतली आहे: मुलं अंडी हलवून पाहतात. नाणी, फासा, दगड खुळखुळतात. न वाजणारी दोनच, कापडाचं आणि रिकामं. शनिवारपर्यंत कापडाचं उघडून झालेलं असतं, त्यामुळे शेवटचं गुपित आधीच फुटतं. उपाय सोपा आहे, बारावं अंडं वेगळ्या ठिकाणी ठेवून द्यावं आणि रविवारी सकाळीच टोपलीत आणावं. आठ-दहा वर्षांच्या मुलांसोबत आणखी एक करता येतं: दहाव्या अंड्यातलं कापड घडी करून रिकाम्या अंड्याशेजारी मांडावं. योहानाच्या २०व्या अध्यायात कबर अगदी रिकामी नाही. तागाची वस्त्रं तिथे पडलेली आहेत आणि डोक्याचा रुमाल वेगळा गुंडाळून ठेवलेला आहे. देह चोरून नेणारा रुमाल कशाला गुंडाळत बसेल, हा प्रश्न त्या वयाची मुलं आपणहून विचारतात.

बनावटीकडे वळू. स्वस्त संचात दोन कवचं पातळ बिजागरीने जोडलेली असतात आणि ती बिजागरीच आधी तुटते. दोन्ही भाग पूर्ण सुटे होणारी, खाच दाबून बसणारी अंडी जास्त टिकतात. रंगावरून क्रम लक्षात राहत नाही, म्हणून प्रत्येक अर्ध्या भागाच्या आतून पक्क्या शाईच्या पेनाने क्रमांक लिहावा, नाहीतर दुसऱ्या वर्षी निळ्याचं झाकण जांभळ्यावर बसतं. काट्यांचा मुगुट खऱ्या काटक्यांचा असेल तर चुरा होतो. तांब्याच्या बारीक तारेचे तीन वेढे पिळून नवा करता येतो, तारेची टोकं आत दुमडावीत. दगड हमखास हरवतो. अंगणातला दुसरा चालतो, तो संचातल्यापेक्षा दिसतोही खरा.

तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती हा संच देऊच नये. फासा, नाणी, दगड सगळं घशात अडकण्याजोगं आहे. खेळण्यांमधले लहान भाग तपासायला वापरतात त्या नळकांड्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. त्यात जी वस्तू मावते ती या वयाला धोक्याची. घरी शौचालयाच्या कागदाच्या गुंडाळीची पुठ्ठ्याची नळी वापरावी. ती थोडी रुंद असते, म्हणजे तपासणी आणखी कडक होते. गोल कडक गोळ्या आणि जेली बीन्स यांना तर चार वर्षांपर्यंत टोपलीत जागा नको.

पुस्तिका वाचून मगच मुलाला द्यावी. येशूला 'यहुद्यांनी मारलं' असं सरसकट वाक्य असेल तर ते पान बाजूला ठेवून स्वतःच्या शब्दांत सांगावं. वधस्तंभाची शिक्षा रोमन सुभेदार पिलाताने दिली आणि रोमन शिपायांनी अमलात आणली. कॅथोलिक चर्चने तर १९६५ साली द्वितीय व्हॅटिकन परिषदेत स्पष्ट केलं, की याचा दोष सगळ्या यहुदी लोकांवर टाकता येत नाही. शेवटचं भोजन वल्हांडणाच्या, म्हणजे कोकरू कापायच्या यहुदी सणातलं होतं, हे पुस्तिकेत नसेल तर कोकराचं चित्र टोपलीत का असतं हे मुलाला कधीच कळणार नाही.

तयार भरलेल्या टोपल्यांबद्दल थोडक्यात: टाळा. सेलोफेन सोडलं की आत पुठ्ठ्याचा उंचवटा निघतो आणि वस्तू त्यावर उभ्या चिकटवलेल्या असतात. रिकामेपणा तिथेही आहे, पण तो निराळ्या जातीचा. शिवाय चॉकलेटला खेटून सुगंधी खडू किंवा साबणाचे फुगे असतात. कोको बटर आजूबाजूचा वास ओढून घेतं आणि चॉकलेट साबणासारखं लागतं.

स्वतः भरायची तर तळ २० ते २५ सेंटिमीटरचा, कडा १० सेंटिमीटरच्या आसपास पुरे. खालच्या तिसऱ्या भागात चुरगळलेला कोरा कागद, त्यावर ४०-५० ग्रॅम कागदी गवत. प्लॅस्टिकचं चमकतं गवत घेऊ नये. ते कपड्यांना चिकटून घरभर पसरतं आणि मांजराने गिळलं तर आतड्यात अडकून शस्त्रक्रियेची वेळ येते. मांजर असेल तर लिलीची फुलंही नकोत, त्यांनी तिची मूत्रपिंडं निकामी होतात. कुत्र्याला चॉकलेट आणि मनुका दोन्ही विषारी.

सगळ्यात चांगलं गवत म्हणजे गव्हांकुर. गहू रात्रभर भिजवून, टोपलीत बसेल अशा उथळ ताटलीत दोन-तीन सेंटिमीटर मातीवर दाट पसरावेत, पहिले दोन दिवस ओलं कापड झाकावं, मग उजेडात ठेवावं. ८ ते १० दिवसांत बोटभर उंच हिरवळ तयार होते. पाणी साचलं की बुरशी धरते, म्हणून शिंपडावं, ओतू नये. गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो, हे योहानाच्या १२व्या अध्यायातलं येशूचं बोलणं सांगायला याहून चांगलं साधन नाही, आणि पेरणी मुलानेच केलेली असते.

उकडायची अंडी पाण्यात १०-१२ मिनिटं मंद आचेवर ठेवून गार पाण्यात घालावीत. रंगासाठी १२० मिलिलिटर गरम पाणी, एक चमचा व्हिनेगर, खाण्याच्या रंगाचे १० ते २० थेंब, आणि पाच मिनिटं बुडवणं. व्हिनेगरच्या आम्लामुळे रंग कवचावर धरतो. पण तेच आम्ल कवच विरघळवतंही, म्हणून जास्त वेळ ठेवलं की बुडबुडे येऊन डाग पडतात. लाल रंगासाठी आठ-दहा कांद्यांची सालं लिटरभर पाण्यात अर्धा तास उकळली की पुरतात. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती घरांत पवित्र गुरुवारी अंडी लालच रंगवतात, ख्रिस्ताच्या रक्ताची खूण म्हणून. खायची अंडी दोन तासांहून जास्त बाहेर राहू नयेत आणि फ्रिजमध्ये आठवड्याच्या आत संपवावीत. लपवण्याच्या खेळासाठी वेगळी ठेवावीत, तडकलेली नंतर खाऊ नयेत.

मुळात अंडी या सणात आली ती उपवासामुळे. मध्ययुगात चाळीस दिवसांच्या उपवासकाळात अंडी वर्ज्य असत, कोंबड्यांना मात्र ते कोणी सांगितलेलं नसे. साठलेली अंडी ईस्टरला वाटली जात. ससा नंतरचा: १६८२ साली गेओर्ग फ्रांक फॉन फ्रांकेनाऊ या जर्मन वैद्याने अंडी लपवणाऱ्या सशाची नोंद केली, पुढच्या शतकात जर्मन स्थलांतरितांनी ती कल्पना पेनसिल्व्हेनियात नेली. मुलं सशासाठी टोप्यांची घरटी करत, त्या घरट्याचीच पुढे टोपली झाली. सशाला हाकलण्याचं कारण नाही, एक ठेवावा. पण पोलंडमधली शनिवारी चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेतात ती टोपली पाहिली की आपल्याकडची किती भरकटली ते कळतं: अंडी, पाव, मीठ, मांस, तिखट मुळा, लोण्याचं कोकरू, वर पांढरं कापड. प्रत्येक जिन्नसाला अर्थ आहे आणि सगळं रविवारी सकाळी खाऊन संपतं.

चॉकलेट एक पुरे. पोकळ अंड्याचा डबा मोठा दिसतो, म्हणून आकार न बघता निव्वळ वजन वाचावं, आणि घटकांत कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल असेल तर ठेवून द्यावं. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं. सेलोफेनमध्ये उन्हात ठेवलेली टोपली त्याच्या आधीच ढेपाळते. पुन्हा गोठल्यावर वर येणारी पांढरी साय ही बुरशी नव्हे, खाल्ली तर चालते. भरताना जड वस्तू मागे, उंच वस्तू त्यांना टेकून, गव्हांकुराची ताटली पुढे, पोकळ चॉकलेट अगदी शेवटी आणि त्यावरून फीत ओढायची नाही. बारावं अंडं हिरवळीच्या मधोमध, किंचित उघडं.

ईस्टरचा काळ पेन्टेकॉस्टपर्यंत (पवित्र आत्मा उतरल्याचा सण) ५० दिवस चालतो, त्यामुळे सगळा खाऊ एका सकाळी उपसायची गरज नाही. संच परत ठेवताना वस्तू मोजाव्यात: अकरा अंड्यांतलं सगळं जागेवर आहे ना, हे तेव्हाच कळतं.