रेव्हिटची कीनोट फाइल : सोय मोठी, पण सामायिक वापरात जपून
सोलापुरात सात रस्त्याजवळच्या आमच्या छोट्या कार्यालयात घरांचे आणि यंत्रमाग शेडचे नकाशे रेव्हिट या इमारतींचे आराखडे करण्याच्या सॉफ्टवेअरवर होतात, आणि साहित्याच्या टिपा प्रत्येक शीटवर नव्याने टंकण्याऐवजी आम्ही त्या कीनोट फाइलमधून घेतो. ही साधी मजकूर फाइल असून तिच्या ओळीत संकेतांक, वर्णन आणि वरच्या गटाचा संकेतांक टॅबने विभागलेले असतात. वर्णन बदलून फाइल पुन्हा लोड केली की त्या संकेतांकाची टीप सर्व शीटांवर बदलते, आणि या एका लाभासाठी मी तिची शिफारस करेन.

अडचण सामायिक वापरात येते. ही फाइल नोटपॅडमध्ये बदलतात, आणि नोटपॅड उघडलेल्या फाइलला कुलूप लावत नाही. दोघांनी ती एकाच वेळी उघडली, तर शेवटी जतन करणाऱ्याचाच मजकूर उरतो. आमच्या शहाबादी फरशीच्या टिपा अशाच पुसल्या गेल्या (चूक अर्थात आमचीच). आता मूळ फाइल एकच जण बदलतो आणि प्रत्येक प्रकल्पाला तिची स्वतंत्र प्रत जोडतो, कारण सर्व प्रकल्प एकाच फाइलवर ठेवले, तर मंजूर झालेल्या जुन्या नकाशांतील टिपाही नकळत बदलू शकतात. एका प्रकल्पाला एकच कीनोट फाइल जोडता येते, ही मर्यादा मात्र मला खटकते.