बोअरचं जड पाणी आणि ईडीडीएचए लोह : काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या पॉलिहाऊसमध्ये कोकोपीटवर काकडी आणि ढोबळी मिरची आहे, पाणी बोअरचं. ठिबकमधून द्रावण ५.८ पीएचला सोडलं, तरी झाड नायट्रेट उचलतं तसा मुळांपाशी पीएच चढतो. पिशवीतून निचरणारं पाणी मोजलं की सातच्या पुढे. ईडीटीए, डीटीपीए आणि ईडीडीएचए ही लोहाला धरून पाण्यात विरघळलेलं ठेवणारी संयुगं, म्हणजे चिलेट. ईडीटीए लोह साडेसहाच्या वर टिकत नाही, डीटीपीए सात-साडेसातपर्यंत तग धरतं. ईडीडीएचए नऊपर्यंत लोह सोडत नाही, म्हणून तेच घेतलं.

फरक काकडीत आधी दिसला. शेंड्याची पानं शिरा हिरव्या आणि मधे पिवळी अशी निघायची, ती आता अंगभर हिरवी निघतात. जुनी पिवळी पानं मात्र पूर्ण सुधारत नाहीत, त्यामुळे निकाल नव्या पानांवरच बघा. आणि हाच पिवळेपणा खालच्या जुन्या पानांवर असेल तर लोहावर पैसे घालू नका, तिथे बहुधा मॅग्नेशियम कमी पडलेलं असतं.

खर्च जाणवतो. यात लोह ६ टक्केच. हजार लिटर द्रावणात अडीच पीपीएम (लिटरला अडीच मिलिग्रॅम) लोह हवं तर ४२ ग्रॅम लागतं, १२ टक्क्यांचं ईडीटीए २१ ग्रॅममध्ये भागतं. शिवाय किलोचा भावही चढा. पण पाकिटावरचे ‘६ टक्के’ वाचून थांबू नका. त्यातलं ‘ऑर्थो-ऑर्थो’ या रूपातलं लोह किती ते बघा, कारण खरा टिकाऊ भाग तोच. ४.८ टक्के लिहिलेलं मिळालं तर मी तेच घेईन. हा आकडाच न छापणाऱ्याकडून मी माल घेत नाही.

ईडीडीएचए मी कॅल्शियम नायट्रेटच्या टाकीत टाकतो, फॉस्फेटच्या नाही. ॲसिडची टाकी वेगळी. लोहाची टाकी काळी आणि झाकणबंद हवी, उन्हाने चिलेट तुटतं. निचऱ्याचं पाणी यूव्ही दिव्याखालून फिरवून परत वापरत असाल तर तिथेही लोह घटतं, ते पुन्हा भरावं लागतं.

मुळं सतत चिंब असतील तर कुठलंच लोह कामाला येत नाही. पावसाळी ढगाळ दिवसांत मी आधी पाण्याच्या पाळ्या कमी करतो, मग पानं बघतो.

शेततळ्यात पावसाचं पाणी साठवणाऱ्यांनी हे घ्यायची गरज नाही. निचऱ्याचा पीएच साडेसहाच्या आत राहत असेल तर डीटीपीए पुरतं. उरलेल्या पैशांत चांगला पीएच मीटर आणि तो जुळवून घ्यायची बफर द्रावणं घ्या.