मित्राच्या घरी आजारपण: डबा पोचवावा, रुग्णाजवळ बसावं की धावपळ अंगावर घ्यावी?

घरात मोठं आजारपण शिरलं की ‘काही लागलं तर सांग’ हे वाक्य त्या घराला रोज ऐकावं लागतं. म्हणणाऱ्याच्या मनात खोट नसते, पण सांगत मात्र कोणीच नाही. काय लागतंय ते ठरवायचं, कोणाला सांगायचं ते ठरवायचं आणि वर संकोच गिळायचा, एवढं सगळं आधीच थकलेल्या माणसाला करावं लागतं. त्यापेक्षा काम तुम्ही निवडा, वार आणि वेळही तुम्हीच सांगा. ‘दर मंगळवारी चार ते सात मी काकांजवळ बसतो, चालेल?’ असं विचारलं की समोरच्याला फक्त हो किंवा नको म्हणायचं उरतं.

मग काम कोणतं निवडायचं? आधी दोन गोष्टी बघा. तुम्ही आठवड्याला किती तास, किती महिने नक्की देऊ शकता? आणि आजाराची चाल कशी आहे? शस्त्रक्रियेनंतर बहुधा सुरुवातीचे काही आठवडे माणसांची निकड असते, मग ती ओसरते. केमोथेरपीत बरे-वाईट दिवस आळीपाळीने येतात. डायलिसिस सहसा आठवड्यातून तीनदा आणि दर वेळी साधारण चार तास चालतं, तेही ठरलेल्या वारी. स्मृतिभ्रंश किंवा मोठा पक्षाघात असेल तर हिशेब वर्षांचा करावा लागतो. दोन आठवड्यांच्या उत्साहावर वर्षभराचं काम घेऊ नका.

डबा

हे सगळ्यात सोपं काम. रुग्णाशी काय बोलावं हे ज्यांना सुचत नाही, त्यांनाही जमतं. एखादा दिवस चुकला तरी घर अडत नाही. अडचण एवढीच की सगळ्यांना हेच सुचतं. पहिल्या आठवड्यात फ्रीजमध्ये जागा उरत नाही, सहाव्या आठवड्यात कोणी विचारत नाही. तुम्हाला जेवण द्यायचंच असेल तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून द्या आणि आठवड्यातला एकच वार धरा.

रुग्णासाठी नव्हे, घरातल्या बाकीच्यांसाठी करा. रुग्णाचं पथ्य बाहेरून दिसतं त्याहून नाजूक असतं. मूत्रपिंडाच्या आजारात मिठाबरोबर पोटॅशियम आणि फॉस्फरसही मोजावं लागतं. वॉरफॅरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असेल आणि हिरव्या पालेभाज्या एकाएकी वाढल्या, तर त्यांतल्या के जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम उतरतो. म्हणजे ‘पौष्टिक’ म्हणून प्रेमाने दिलेला पदार्थच घात करू शकतो. गिळायला त्रास असलेल्या माणसाला साधं पाणीही श्वासनलिकेत जाऊ शकतं. केमोथेरपी चालू असताना कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं टाळतात, आणि बऱ्याच जणांना गरम अन्नाचा वास सोसवत नाही. रुग्णासाठी काही करायचंच असेल तर आधी विचारा, आणि सांगितलं तेवढंच करा.

शिजवलेलं अन्न दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नका. लवकर गार व्हावं म्हणून उथळ भांड्यांत पसरून मग फ्रीजमध्ये ठेवा. फ्रीज ५ अंश सेल्सियसच्या आत हवा. पुन्हा गरम करताना अन्न आतपर्यंत निदान ७० अंशांना पोचावं, नुसतं कोमट करून भागत नाही. तीन-चार दिवसांत संपवा. झाकणावर पट्टी चिकटवून पदार्थाचं नाव आणि तारीख लिहा. भांडी परत मागू नका. कोणाचा डबा कोणता हे लक्षात ठेवणं हीसुद्धा त्या घराला एक कटकट होऊन बसते.

रुग्णाजवळ बसणं

सगळ्यात मोठी टंचाई याचीच असते. जेवण बाहेरून मागवता येतं, विश्वासाचं माणूस मागवता येत नाही. तुम्ही तीन तास बसलात की सांभाळणाऱ्याला सलग झोप मिळते, स्वतःची डॉक्टरांची भेट उरकता येते, किंवा आजाराचा विषय नसलेल्या ठिकाणी जाऊन येता येतं. पण डबा चुकला तर चालतो तसं इथे चालत नाही. तुम्ही आला नाहीत तर त्या माणसाने महिन्यापूर्वी ठरवलेलं सगळं कोलमडतं. ज्यांना वेळेची खात्री देता येत नाही त्यांनी हे काम घेऊ नये, त्यात कमीपणा काही नाही.

पहिल्या दिवशी एकट्याने बसू नका. सांभाळणारं माणूस घरात असताना पाऊण-एक तास सगळं बघून घ्या. त्याच दिवशी एका कागदावर लिहून घ्या: कोणतं औषध, किती, किती वाजता, शेवटचं कधी दिलं, काय करायचं नाही, पहिला फोन कोणाला, आणि काय दिसलं तर कोणालाही न विचारता रुग्णवाहिका बोलवायची. औषध दिल्या क्षणी वेळ लिहा. आधीचा डोस दिला की नाही अशी शंका आली तर पुन्हा देऊ नका, फोन करा. बसायला आलेल्यांकडून होणारी सगळ्यात घातक चूक दुबार औषध देण्याची, आणि ती आठवणीवर विसंबल्यानेच होते.

अंथरुणातून उठवताना घाई केली की माणूस पडतो. आधी कुशीवर वळवा, पाय कडेवरून खाली सोडा, मग बसतं करा. तसंच मिनिट-दोन मिनिटं बसू द्या. फार दिवस आडव्या असलेल्या माणसाचा रक्तदाब बसताना आणि उभं राहताना उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. व्हीलचेअर मात्र उठवण्याआधीच पलंगाला लावून दोन्ही ब्रेक लावा, पावलं ठेवायच्या पट्ट्या वर करा. काखेत हात घालून ओढू नका. पक्षाघातात लुळ्या पडलेल्या बाजूचा खांदा सैल झालेला असतो आणि ओढाताणीने सांध्यातून सरकू शकतो. एकट्याला जमत नसेल तर उठवूच नका.

भरवायचं असेल तर पाठ ताठ असू द्या, हनुवटी वर जाऊ देऊ नका, घास लहान ठेवा. पहिला घास उतरल्याशिवाय दुसरा देऊ नका. जेवणानंतर अर्धा तास तरी आडवं करू नका.

स्वतःहून कूस बदलता न येणाऱ्यांना सर्वसाधारणपणे दर दोन तासांनी वळवतात, पण घरी डॉक्टर किंवा नर्सने वेगळं सांगितलेलं असेल तर तेच पाळा. वळवताना फरफटवू नका, चादरीसकट उचला. घासल्याने कातडी आतल्या आत फाटते आणि जखम वर यायला वेळ लागतो. वळवलंच आहे तर माकडहाड, टाचा आणि कमरेची बाजू बघून घ्या. दाबूनही न जाणारी लाली म्हणजे पडून राहून होणाऱ्या व्रणाची सुरुवात. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही. तिथे हात लावून बघा, जागा आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागते. दिसलं की त्याच दिवशी सांगा.

शौचाला नेणं, कपडे बदलणं तुम्ही करायचं की नाही, हे रुग्णालाच विचारा. मुलाच्या मित्रासमोर उघडं व्हायला कोणाला आवडत नाही, आणि पडून असलेला माणूस तसं बोलून दाखवत नाही.

सर्दी-खोकला, जुलाब, अंगावर पुरळ, यांतलं काही असलं तर जाऊ नका. गेल्यावर आधी साबणाने ४० ते ६० सेकंद हात धुवा. केमोथेरपी चालू असलेल्या माणसाचा ताप ३८ अंश सेल्सियसवर (१००.४ फॅरनहाइट) गेला तर तापाची गोळी देऊन वाट बघायची नाही. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना संसर्ग काही तासांत हाताबाहेर जाऊ शकतो. लगेच उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन करा.

आणखी एक घोळ हमखास होतो. तुम्ही बसायला जाता आणि सांभाळणारी व्यक्ती पाहुणा आला म्हणून तुमच्याशीच बोलत बसते. तीन तास संपतात, विश्रांती तशीच राहते. पहिल्याच दिवशी सांगून टाका: मी आल्यावर तू बाहेर पड, नाहीतर दार लावून झोप.

धावपळ आणि कागद

ज्यांच्याकडे गाडी आहे किंवा कार्यालयीन कामाची सवय आहे, त्यांच्यासाठी हे बरं. रेडिएशन बहुधा आठवड्याचे पाच दिवस, काही आठवडे चालतं. पाच मित्रांनी एकेक वार वाटून घेतला की कोणावरच ओझं पडत नाही. डायलिसिसनंतर माणूस गळून जातो आणि रक्तदाब उतरलेला असू शकतो, म्हणून फाटकाशी सोडून निघू नका, दारातून आत पोचवा. फिस्टुला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी) असलेल्या हाताला धरून आधार देऊ नका, त्या हातावर पिशवीही अडकवू नका.

डॉक्टरांच्या भेटीत जोडीला दुसरा कान असणं फार मोलाचं, कारण वाईट बातमी ऐकल्यावर घरचा माणूस पुढचं अर्धं ऐकतच नाही. जाण्याआधी तीन प्रश्न लिहून न्या, उत्तरं तिथेच उतरवून घ्या. कागदांची फाइल तारखेने लावा, ताजा कागद सगळ्यात वर, आणि चालू औषधांची एक यादी वेगळी. विम्याच्या कामाला प्रती घेऊन फिरा, मूळ कागद घरातच राहू द्या. दूर राहणाऱ्यांना फोनाफोनी आणि अर्ज भरणं घरबसल्या करता येतं. सगळ्यांना तब्येत कळवण्याचं कामही त्यांनीच घ्यावं, म्हणजे घरच्यांना तीच हकिकत वीस वेळा सांगावी लागत नाही. काय कळवायचं आणि काय नाही, ते मात्र रुग्णाने ठरवावं.

पैशांची मदत करायची तर एकदा, न मागता, परतीची अट न घालता, आणि चारचौघांत न सांगता.

मग निवड कशी करावी?

आठवड्याला तासभरच असेल तर डबा किंवा एक ठरलेली फेरी. तीन तास असतील आणि सहा महिने खाडा न करता येता येणार असेल, तर काही विचार न करता बसणं निवडा. घराला त्याचा जितका उपयोग होतो तितका बाकी कशाचाच होत नाही. वेळेची खात्री नसेल तर कागदपत्रं, ती रात्रीही करता येतात. रुग्णाशी तुमचं मुळातच पटत नसेल तर बसू नका, सांभाळणाऱ्याची मुलं किंवा घरचं सामान सांभाळा.

चार-पाच जण मिळून करणार असाल तर गटावर संदेश टाकून माणसं मिळतील, या भरवशावर राहू नका. ‘उद्या कोणीतरी हवं आहे’ हे पंचवीस जण वाचतात आणि प्रत्येकाला वाटतं, दुसरा कोणी जाईल. घराबाहेरचा एकच माणूस समन्वयाला नेमा. त्याने वार, वेळ, काम, नाव आणि बदली माणूस असा तक्ता करावा, आणि दर चार आठवड्यांनी घरच्यांना विचारून तो बदलावा.

बसणाऱ्यांच्या मनावरही ताण येतो, तो कुठे मोकळा करायचा याचा एक चांगला नियम मानसशास्त्रज्ञ सुझन सिल्क आणि मध्यस्थीचं काम करणारे बॅरी गोल्डमन यांनी २०१३ मध्ये मांडला. मध्यभागी रुग्ण, त्याभोवती घरचे, त्याबाहेर मित्र, अशी वर्तुळं काढायची; आतल्या वर्तुळाला फक्त धीर द्यायचा, आपलं रडगाणं बाहेरच्या वर्तुळाकडे न्यायचं. म्हणजे काकूंना पाहून तुम्हाला किती त्रास झाला हे मित्राला नव्हे, आपल्या घरी सांगायचं.

काम सोडायची वेळ आली तर निदान दोन आठवडे आधी कळवा. बदली माणूस तुम्हीच शोधा, एकदा त्याला बरोबर घेऊन बसा, औषधं आणि सूचना लिहिलेला कागद त्याला समजावून द्या. घराची किल्ली तुमच्याकडे असेल तर ती मात्र त्याच्या हाती न देता घरच्यांकडे परत करा.